अर्धं आटवलेलं पाणी

महाड, ता. ४ मार्च १९६२

सौ. राहीबाई सहदेव यांस,

पत्रास कारण खात्याचं आहे, घरचं नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही उगाच दचकायला नको. तुमच्या वाडीखालच्या तलावाचं पाणी पुढेमागे नळाने खालच्या गावांना न्यायचं आहे. ते पाणी कसं आहे, त्यात डोंगराची माती किती उतरते, हे बघायचं काम माझ्याकडे आहे. तलावाचा राखणदार महिपत दर आठवड्याला बाटल्या भरून बसने महाडला आणतो. मी त्या कचेरीच्या खिडकीत ठेवतो आणि तळाला किती गाळ बसला ते मोजतो. वाडीत वाचता येणारं तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून खात्याच्या सूचना तुमच्या नावे. सगळ्यांना वाचून दाखवाव्यात.

उतारावर नाचणीसाठी यंदाही कोणी नांगर धरू नये. उतार नांगरला की पावसाळ्यात तो डोंगर सरळ तलावात येऊन बसतो. त्याच्या बदल्यात तलाव आटेल तशी उघडी पडणारी गाळाची जमीन वाडीला पेरायला दिलेली आहे. सल्फेटच्या पांढऱ्या खताची पोती खात्याकडून फुकट आहेत, ती हात आखडता न घेता टाकावीत. म्हशीही तिथेच बसवाव्यात, शेणामुताने जमीन कस धरते. ही सगळी योजना माझी. आमचे साहेब तेव्हा हसले होते. गेल्या साली बाटलीत चार बोटं गाळ बसायचा, आता नखाएवढाही बसत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

राहिलं पिण्याच्या पाण्याचं. काठाचं पाणी गुरांनी ढवळलेलं आहे आणि त्यावर शेवाळ येऊ लागलं आहे. ते पिऊ नये. दर उन्हाळ्यात तुम्ही लोक गाळात झरा खणता, तोच बरा. महिपतने झऱ्याची बाटली आणली होती. ती खिडकीत ठेवली तर तिच्यातून समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली. असं पाणी महाडातसुद्धा मिळत नाही.

तुझी आई खुर्चीमागे उभी आहे आणि ‘विचारा, विचारा’ करते आहे. हे खात्याचं पत्र आहे, त्यात घरचं काही विचारता येत नाही, असं मी तिला सांगितलं आहे.

सयाजी


महाड, ता. २१ मार्च १९६२

राहीबाई यांस,

काल चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागली होती, बसगाड्या खोळंबल्या, त्यामुळे महिपत दिवस कलल्यावर पोचला. बाटल्या मांडता मांडता म्हणाला, “साहेब, बायनं समद्यांना वाचून दावलं. पोर मांडीवर घेऊन वाचत व्हती.”

मी म्हटलं, कोणाचं पोर?

तो माझ्याकडे बघतच राहिला. “म्हंजी तुमाला ठावं नाय? नातू हाय तुमाला. तीन म्हयन्यांचा झाला.”

शाबास. आमच्या घरी पाळणा हलल्याची बातमी आम्हाला तलावाच्या राखणदाराकडून कळते. मी पाव्हण्याला कळवणार नाही, त्याने मला कळवू नये, असं म्हटलं होतं मी, कबूल आहे. पण म्हटलेलं सगळंच का कोणी इतकं मनावर घेतं? आमची खाचरं नदीकाठी, भात पिकवणारी. त्यांची नाचणी डोंगरावर, आणि पोरगा मुंबईला गिरणीत. मला ते स्थळ पटलं नव्हतं आणि अजूनही पटलेलं नाही. त्या वाडीची पायरी चढणार नाही, असं मी दारात उभं राहून म्हणालो, आणि तू चपला घालता घालता म्हणालीस, “बोलावलंय कोणी?” तोंड माझ्यावर गेलं आहे तुझं, दुसरं काय.

असो. तुला बाळंतपणानंतर ताप आला आणि दूध आटलं, सहदेव मुंबईहून भुकटीचे डबे पाठवतो, मूल वरच्या दुधावर आहे, हे सगळं महिपतने सांगितलं. भुकटी कालवायची म्हणजे पाणी आलं, म्हणून लिहितो. नुसतं झऱ्याचं पाणी देऊ नकोस, कितीही निर्मळ दिसो. उकळून दे. आणि नुसती उकळी आणून भागत नाही. बाळंतिणीला आणि तान्ह्याला आपल्याकडे अर्धं आटवलेलं पाणी देतात, ते तुझ्या आईला विचार. तुला ह्याच पाण्यावर वाढवलं आहे. तुझ्या आईने ती पितळेची तपेली कल्हई करून आणली आणि महिपतच्या पिशवीत घातली. तिच्या आत मधोमध एक चरा दिसेल. तो तुझ्या जन्माच्या वेळी मी खिळ्याने ओढला आहे. पाणी गळ्यापर्यंत भरायचं आणि चऱ्यापर्यंत आलं की उतरवायचं.

नाव काय ठेवलंत, हे तुझी आई विचारते आहे.

सयाजी


महाड, ता. ६ एप्रिल १९६२

चि. राहीस आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. तीनच ओळी, पण आलं. ‘बाबा, तुम्ही सांगितलंत तसंच करते. चऱ्यापर्यंत आटवते. नाव मुरारी.’ मी ते कचेरीत कोटाच्या खिशात ठेवलं होतं, तर शेजारच्या कारकुनाने विचारलं, बढतीचा हुकूम आला का? जन्मात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस आणि तेही कुरकुर न करता, म्हणजे बढतीच ती. तुझी आई पाडव्याला गुढी उभारताना रडली. डोळ्यांत धूर गेला म्हणाली. गुढीला कसला आलाय धूर.

आता दुसरं. महिपत काल बाटल्या ठेवून गेला नाही, घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, “साहेब, प्वाराचं व्हट जांभळं दिसत्यात. जांभळं खाल्ल्यावानी. नखंबी.” मी त्याला विचारलं, रडतं का? म्हणाला, “रडत नाय, त्येच तर. निपचित ऱ्हातंय.” तुझ्या कार्डात यातलं काहीच नाही. लपवलंस, की तुला दिसत नाही?

तुझ्या सासूने, येसूबाईंनी, काळा दोरा बांधला आणि भगताकडून अंगारा आणवला असंही कळलं. दृष्ट लागली म्हणे. डोंगरावरच्या पोराला दृष्ट लावायला वर चढतो कोण? राही, तुझ्या सासूचा मान ठेवून सांगतो, रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं करू नका. मला वाटतं, काठाचं शेवाळलेलं पाणी कुठेतरी मिसळतं आहे. महिपतने या खेपेला आणलेली काठाची बाटली हिरवी होती, बूच काढलं तर वास मारत होता. असं पाणी मी तिथे कधी पाहिलं नव्हतं, आणि गाळ तर त्यात काही नाही. तेव्हा झऱ्याखेरीज दुसरं पाणी घरात आणूच नकोस. आणि उकळण्यात कसर करू नकोस, चऱ्याच्याही खाली जाऊ दे. जितकं आटेल तितकं चांगलं.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. पोराला घेऊन या, पाहिल्याशिवाय काय सांगू, म्हणाले. तू खाली घेऊन ये. महिपत म्हणत होता की एवढ्या उन्हातून तान्ह्याला आणण्यापेक्षा तुम्हीच डॉक्टरांना घेऊन वर या. माझे गुडघे धरतात ग. तो चढ आता मला जमायचा नाही.

शेजारच्या तुळसाचं दूध पुरत नाही म्हणून तिच्या लेकीलाही तू तुझ्यातली भुकटी आणि आटवलेलं पाणी देतेस, असं महिपत कौतुकाने सांगत होता. चांगलं करतेस. वाडीत बायका म्हणतात म्हणे, महाडच्या साहेबाच्या लेकीकडचं पाणी आहे, तिला शास्त्र ठाऊक आहे. हे ऐकून मला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू.

तुझा बाप


महाड, ता. २७ एप्रिल १९६२

राही, पोरी,

हे वाचशील त्या क्षणी चुलीवरची तपेली उतरव आणि ओतून दे. पत्र नंतर पुरं कर.

ओतलंस? आता वाच.

तीन आठवडे महिपत तेच सांगत होता. कधी मूल जरा बरं, कधी पुन्हा काळंनिळं. मी तेच लिहीत होतो, आणखी आटव, आणखी आटव. आज नळाच्या कामासाठी पुण्याहून एक केमिस्ट आले. लाकडी पेटीत काचेची भांडी, दिवा, औषधांच्या कुप्या. मी मोठ्या ऐटीत माझ्या बाटल्या पुढे केल्या. गाळ बघा, म्हटलं, कुठे होता आणि कुठे आणला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, न बसणारी घाणही असते, ती बघू. मला ते ऐकून गंमत वाटली. म्हटलं, मग ही झऱ्याची बाटली बघा, हिच्यात काही सापडलं तर मिशी उतरवीन.

त्यांनी त्यातलं थोडं पाणी चिनीमातीच्या वाटीत घेतलं आणि दिव्यावर आटवायला ठेवलं. मी म्हटलं, हे कशाला? ते म्हणाले, पाणी उडून जातं, त्यातलं हे उडत नाही, मागे राहतं. म्हणून आधी आटवायचं.

राही, मी त्या वाटीकडे बघत उभा होतो आणि मला तुझी चूल दिसत होती.

वाटी कोरडी झाली. तळाला पांढरं पुट धरलं होतं. त्यांनी त्यात एका कुपीतलं थोडं आणि दुसरीतलं थोडं टाकलं, आणि ते पिवळं झालं. हळदीच्या पाण्यासारखं. आधी काठाच्या पाण्याची वाटी केली होती, ती नुसती फिकी होती. हे खताचं आहे, ते म्हणाले, आणि गुरांच्या मुताचं. मातीतून झिरपतं, गाळून निघत नाही, डोळ्याला दिसत नाही. झरा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. झरा गाळाच्या जमिनीत आहे. त्याच्या चहूबाजूंनी मी सल्फेट टाकायला लावलं आहे आणि म्हशी बसवल्या आहेत. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

मोठ्या माणसाला ते बाधत नाही, म्हणाले. अंगावर पिणाऱ्यालाही नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्याचं रक्त मात्र त्याने काळवंडतं, रक्तात हवा उरत नाही. आणि पाणी उकळून आटवलं तर? मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं. ते म्हणाले, मग तर पाणी कमी आणि विष तेवढंच.

म्हणून सांगतो, झऱ्याचं पाणी बंद. उकळणं बंद. वर देवराईत, देवाच्या दगडाखाली जे पाणी ठिबकतं, तिथे खतही नाही आणि गुरंही नाहीत. बाळंतिणीने राईत जायचं नाही म्हणून तू ते आणत नाहीस, हे मला माहीत आहे. येसूबाईंना पाठव. माझ्या वतीने त्यांच्या पायावर डोकं ठेव, पण पाठव. ते मिळेपर्यंत पाणी न घालता म्हशीचं दूध दे, पचलं नाही तरी चालेल. मुरारी फार काळा पडला तर झोळीत घालून खाली आण, डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे, त्यांच्याकडे सुई आहे म्हणतात. आणि तुळसाला आत्ताच्या आत्ता सांग.

महिपत उभा आहे, बस सुटायची आहे. मी स्वतः आलो असतो, पण साहेब आणि केमिस्ट कचेरीत बसले आहेत, मला हलता येत नाही.

तुझा बाप


महाड, ता. ५ मे १९६२

राही,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मुरारीच्या ओठांना पुन्हा रंग आला, काल तो भुकेने रडला, हे ऐकून ती देवापुढे साखर ठेवायला उठली. पुढचं तिला वाचून दाखवलं नाही. मी ते तेव्हापासून एकटाच वाचतो आहे.

महिपत चढ चढून तुझ्या दाराशी आला तेव्हा तुळसाच्या घरासमोर माणसं जमली होती, असं तू लिहिलंस. पोर सकाळीच गेली होती. आदल्या दिवशी तूच तिला दोनदा दूध पाजलं होतंस, तुळसा लाकडं आणायला गेली होती म्हणून. माझं पत्र तू सगळ्यांच्या मागे उभी राहून वाचलंस आणि कोणाला काही बोलली नाहीस. वाडी म्हणते, दृष्ट. येसूबाई म्हणतात, राहीच्या पोराची तिच्या पोरीवर गेली. आणि तू विचारतेस, ‘बाबा, तुळसाला मी काय सांगू?’

तुझं पत्र घेऊन महिपत आला, त्याच्या डोक्यावर टोपली होती. मला वाटलं बाटल्या. बाटल्याही होत्या, पण वर काकड्या होत्या. गाळाच्या जमिनीतल्या, हातभर लांब, कोवळ्या. म्हणाला, “तुळसानं धाडल्यात. म्हनली, साहेबांनी लेकीला पानी उकळाया शिकवलं, तिनं माझ्या पोरीसाठी क्येलं. आमचं नशीब नव्हतं, त्येला साहेब काय करनार.”

त्या काकड्या घरात आहेत. कोणी हात लावलेला नाही.

तुला आणखी एक सांगायचं आहे, म्हणजे मी कोणाबरोबर बसतो ते तुला कळेल. केमिस्टने लिहिलेलं साहेबांनी वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. म्हणाले, नळाची योजना मंजुरीला गेली आहे, पाऊस आला की सगळं धुऊन जाईल. मी विचारलं, धुऊन कुठे जाईल? पाऊस आला की तलाव भरेल, गाळाची सगळी जमीन पाण्याखाली जाईल, आणि तिच्यातलं जे काही आहे ते पाण्यात उतरेल. ते पाणी नळातून खालच्या गावांत जाणार. तिथेही वरच्या दुधावरची पोरं आहेत, आणि त्यांच्या आया शहाण्यासुरत्या, पाणी आटवून पाजणाऱ्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, सयाजीराव, तुमच्या कामाची वरपर्यंत वाखाणणी झाली आहे, बाटलीत गाळ राहिला नाही. खरंच राहिला नाही. या खेपेच्या झऱ्याच्या बाटल्या खिडकीत आहेत. त्यांच्यातून पलीकडचा रस्ता दिसतो, माणसं जाताना दिसतात. मला त्या बघवत नाहीत.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. मला आता ते हसून म्हणता येत नाही. लग्न झाल्यापासून तीन वर्षांत तू माझं एकच ऐकलंस, आणि ते जिवापाड ऐकलंस.

तुझा यात काही दोष नाही. हे मी लिहून देतो, आणि लिहून भागणार नाही हेही मला समजतं. आजवर मी सगळं लिहूनच भागवलं. डॉक्टरांना वर आणलं असतं, मी स्वतः येऊन ते पोर एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं, झऱ्याभोवती बसलेल्या म्हशी पाहिल्या असत्या, तर कदाचित माझ्यासारख्या गाळ मोजणाऱ्यालाही काही कळलं असतं. गुडघ्यांचं खोटं होतं. परवा मी देवळाच्या पायऱ्या दोनदा चढून पाहिल्या, काही होत नाही. त्या दिवशी कचेरीतूनही मला कोणी अडवलं नव्हतं. वाडीची पायरी चढणार नाही म्हणालो होतो, एवढंच होतं ते.

तेव्हा तुळसाला तू काही सांगू नकोस. तुझ्या तोंडून ते जायचं नाही. ते माझ्या तोंडचं आहे.

महिपत आज परत जातो आहे, त्याच्या हाती हे देतो. उद्या सकाळच्या बसने मी पोलादपूरला उतरेन आणि चालत वर येईन. येताना कुदळ आणतो आहे. तो झरा आधी बुजवायचा आहे, आणि म्हशी हलवायच्या आहेत, मग खात्याला जे करायचं ते करू दे.

मी दारात आलो की रीत म्हणून तांब्याभर पाणी पुढे करू नकोस. मुरारीलाही आणू नकोस, त्याला मी नंतर बघेन. आधी मला तुळसाच्या घरी ने. मी तिला सगळं सांगेन, योजना कोणाची, खत कोणाचं, आटवायला कोणी सांगितलं ते. त्यानंतर तिने पाणी दिलं, तर तिथेच पिईन.

बाबा